मुंबई पाहण्याची वेळ

मुंबईत प्रथमच येणाऱ्या माणसाला मिळणारी माहिती बहुधा स्थळांच्या यादीने सुरू होते आणि यादीतच संपते. गेटवे, राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू चौपाटी ही नावे बहुतेकांना येण्यापूर्वीच पाठ असतात. ती पाहायची कुठे, हे विचारायला फारसे कष्ट पडत नाहीत. परंतु कोणत्या ठिकाणी कोणत्या वाराला, कोणत्या प्रहरी आणि समुद्राला भरती आहे की ओहोटी हे पाहून जायचे, हा प्रश्न यादीत नसतो, आणि नवख्या पाहुण्याची दमछाक, निराशा व क्वचित अपघातही या न विचारलेल्या प्रश्नामुळेच घडतात. या शहरात पाहणे, खाणे आणि सुरक्षित राहणे या तिन्ही गोष्टी वेळेवर अवलंबून आहेत, आणि त्याचे कारण शहराच्या घडणीत आहे.

आजची मुंबई मूळच्या सात बेटांवर उभी आहे. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम या बेटांमधल्या खाड्या व दलदली अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत बांध घालून व भराव टाकून बुजवण्यात आल्या आणि दक्षिणोत्तर लांबलेली, तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेली एक चिंचोळी पट्टी तयार झाली. बंदर, किल्ला आणि कचेऱ्या दक्षिण टोकाला राहिल्या व वस्ती मात्र उत्तरेकडे सरकत सरकत विरार, कल्याण, पनवेलपर्यंत गेली. त्यामुळे सकाळी लाखो माणसे एकाच दिशेने दक्षिणेकडे येतात आणि संध्याकाळी तितकीच माणसे उलट्या दिशेने परततात. वांद्रे-कुर्ला संकुल आणि अंधेरी येथे नव्या कचेऱ्या उभ्या राहिल्याने हे चित्र अलीकडे काहीसे बदलले असले, तरी पाहुण्याने गृहीत धरावा असा नियम अजूनही हाच आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावली, आणि तेव्हापासून या शहराचा सांगाडा लोहमार्गांनीच आखला गेला. पश्चिम मार्ग चर्चगेटहून वांद्रे, अंधेरी, बोरिवली करीत विरार व पुढे डहाणूकडे जातो. मध्य मार्ग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण या वाटेने कसारा व कर्जतकडे जातो. हार्बर मार्ग त्याच टर्मिनसहून निघून वाशी-पनवेलकडे वळतो. पश्चिम आणि मध्य मार्ग दादरला भेटतात, मध्य आणि हार्बर कुर्ल्याला. एवढा नकाशा डोक्यात बसला की अर्धी मुंबई समजली असे मानायला हरकत नाही. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो २०१४ पासून पूर्व आणि पश्चिम उपनगरे जोडते, तर आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो विमानतळ, दादर, गिरगाव आणि फोर्ट यांना एका रेषेत आणते. वयस्कर माणसे किंवा लहान मुले बरोबर असतील तर लोकलपेक्षा मेट्रोच बरी.

लोकलचा प्रवास मात्र टाळू नये, तो समजून घ्यावा. सकाळी आठ ते अकरा या वेळात दक्षिणेकडे जाणारी आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात उत्तरेकडे जाणारी गाडी नवख्या माणसासाठी नाही, हे निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. याच वेळांत उलट दिशेची गाडी पुष्कळदा बसायला जागा देते. म्हणून दक्षिण मुंबईत मुक्काम करून सकाळी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे जाणे सोयीचे, आणि बोरिवलीत मुक्काम करून सकाळी नऊला गेटवेकडे निघणे त्रासाचे. फलाटावरील दर्शकावर गाडीचे अंतिम स्थानक, ती धीमी आहे की जलद आणि डबे किती हे दिलेले असते. धीमी गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते, जलद गाडी मोजक्याच. माटुंग्याला उतरायचे असताना जलद गाडीत चढलेला पाहुणा भलत्याच ठिकाणी उतरतो. दुसऱ्या वर्गाचे तिकीट घेऊन पहिल्या वर्गात बसल्यास दंड होतो, आणि या दोन डब्यांचा बाहेरचा रंग सारखाच असल्यामुळे ही चूक अजाणता घडते. डब्यावरील पट्टे व अक्षरे पाहूनच चढावे. वातानुकूलित लोकलचे तिकीट वेगळे असते.

गाडीत चढण्याउतरण्याची एक शिस्त आहे आणि ती बाहेरून दिसते त्याहून पक्की आहे. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा द्यायची ही इथली रीत असून तिला ‘चौथी सीट’ म्हणतात. बसलेल्याने सरकून जागा दिली तर ती घ्यावी, आणि आपणही द्यावी. उतरायचे स्थानक येण्याच्या आधी एक-दोन स्थानके दाराकडे सरकायला सुरुवात करावी लागते, फलाट कोणत्या बाजूला येणार हे शेजाऱ्याला विचारावे लागते, आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत पाय बाहेर टाकायचा नसतो, कारण गाडी आणि फलाट यांच्यातली पोकळी अनेक स्थानकांवर पाऊल सहज आत जाईल एवढी असते. दारात लटकणे आणि रूळ ओलांडणे ही या शहरातल्या सर्वाधिक जीवघेण्या सवयींपैकी आहेत. रोजचा प्रवासी ते करतो म्हणून पाहुण्याने करू नये. दारात उभे राहून मोबाइल हाताळण्याचाही धोका आहे: रुळांलगत किंवा खांबाआड उभे राहून प्रवाशाच्या हातावर काठीचा फटका मारायचा आणि खाली पडलेला फोन उचलून पळायचे, असे करणाऱ्या टोळ्यांना इथे ‘फटका गँग’ म्हणतात, आणि त्या फटक्याने तोल जाऊन माणसे गाडीखालीही गेली आहेत. पुलांवर आणि जिन्यांवर, विशेषतः पावसात, आडोशाला थांबू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्थानकाच्या पुलावर पावसामुळे दाटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे दगावली.

रविवारची गोष्ट वेगळी आहे. त्या दिवशी दुरुस्तीसाठी काही मार्गांवर काही तास वाहतूक बंद ठेवतात किंवा वळवतात. याला मेगाब्लॉक म्हणतात आणि तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारनंतर संपतो. कोणत्या मार्गावर ब्लॉक आहे हे आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छापून येते. तेवढे पाहून निघाले तर फोर्ट भाग पाहायला रविवारची सकाळ सर्वांत उत्तम, कारण एरवी माणसांनी आणि गाड्यांनी भरलेले रस्ते त्या दिवशी मोकळे असतात व इमारतींकडे मान वर करून पाहता येते.

आणि तिथे पाहण्यासारखे इतके आहे की एक दिवस पुरत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुरचनाकाराने आखली. बांधकाम १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षे चालले आणि २००४ मध्ये तिला युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. रोज तिच्यातून जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक प्रवेशद्वाराच्या खांबांवरील सिंह आणि वाघ पाहतात, पैकी सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. कमानींच्या कडांना दगडात कोरलेले मोर, माकडे, पाने, वेली यांची गर्दी आहे, आणि घुमटावर उंच मशाल धरलेली एक स्त्री उभी आहे, जी ‘प्रगती’चे प्रतीक मानली जाते. तिथून चालत ओव्हल मैदानावर यावे. या मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, मुंबई विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर या एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानी, उंच मनोरे आणि दगडी कोरीवकाम असलेल्या इमारती आहेत. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी देणगी देणारे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या आईचे नाव त्याला दिलेले आहे. मैदानाच्या पश्चिमेला, समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर, १९३० च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती आहेत. गोलाईदार कोपरे, सरळ आडव्या रेषा, बोटीच्या कठड्यांसारखे सज्जे आणि फिके रंग ही या शैलीची खूण. दोन शतकांच्या दोन कल्पना एकाच मैदानाच्या दोन कडांना समोरासमोर उभ्या आहेत, आणि २०१८ मध्ये हा सारा समूह जागतिक वारसा ठरला. पूर्वेकडच्या इमारतींचे दर्शनी भाग पश्चिमेला तोंड करून असल्याने दुपारी चारनंतरचे कलते ऊन त्यांच्यावर सरळ पडते आणि सकाळी सावलीत बुडालेले कोरीवकाम तेव्हा उठून दिसते. एका दिवसात पंधरा ठिकाणे दाखवणाऱ्या सहलीच्या बसमधून हे पाहायला मिळत नाही. नटनट्यांच्या बंगल्यांची बंद फाटके पाहण्यात जाणारा वेळ इथे द्यावा.

गेटवे ऑफ इंडिया ही जॉर्ज विटेट यांची रचना. राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या १९११ च्या भेटीच्या स्मरणार्थ योजलेली ही कमान १९२४ मध्ये पूर्ण झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. शेजारचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयही विटेट यांचेच. गेटवेच्या धक्क्यावरून घारापुरीला जाणाऱ्या लाँच सुटतात व प्रवासाला साधारण एक तास लागतो. सहाव्या शतकातली ही लेणी आणि त्यांतले सुमारे साडेपाच मीटर उंचीचे त्रिमुखी सदाशिवाचे शिल्प पाहण्यासाठी सकाळची पहिली लाँच धरावी, म्हणजे गर्दी आणि ऊन दोन्ही चुकतात. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, आणि हे ठाऊक नसल्यामुळे धक्क्यापर्यंत येऊन परतणारी कुटुंबे थोडी नाहीत. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरच्या एका प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून अनेक जीव गेले. तेव्हा बोटीत बसताच जीवरक्षक जाकीट अंगात घालावे, मुलांना आधी घालावे, आणि माणसे जास्त भरलेली दिसली तर पुढच्या बोटीची वाट पाहावी.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणीही सोमवारी बंद असतात. इथे शंभराहून अधिक बौद्ध लेणी एकाच डोंगरात आहेत, आणि त्यांतील शिल्पांइतकेच पाहण्यासारखे आहे ते पाण्याचे नियोजन: उतारावरून येणारे पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या चरांतून पोढींमध्ये, म्हणजे दगडात कोरलेल्या टाक्यांमध्ये, साठवले जाई आणि भिक्षू वर्षभर ते वापरीत. घारापुरीप्रमाणे इथेही माकडे हातातली पिशवी ओढून नेतात, म्हणून खाण्याचे पदार्थ बंद पिशवीत ठेवावेत. हे बिबट्यांचे जंगल आहे. वाट सोडून आत शिरू नये आणि अंधारापूर्वी फाटकाबाहेर पडावे.

मुंबईच्या वेळापत्रकातला सर्वांत दुर्लक्षित भाग समुद्राचा आहे. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल सकाळी दहाला कोरडी असलेली जागा चार-सहा दिवसांनी त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. हाजी अली दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीच्या वेळी बुडते. तिथे जाण्यापूर्वी वेळ विचारून घेतली पाहिजे. गिरगाव, जुहू, आक्सा या किनाऱ्यांवर पोहायला उतरू नये. आक्साची वाळू पायाखालून सरकते आणि परतीच्या लाटेची ओढ जबर असते, आणि तिथे बुडालेल्यांत बाहेरून आलेल्या तरुणांचे प्रमाण दुःखद रीतीने मोठे आहे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यापलीकडे लाटा अडवण्यासाठी टाकलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे शेवाळाने निसरडे असतात आणि त्यांच्यामधल्या फटीत पडलेल्या माणसाला बाहेर काढणे अवघड जाते. छायाचित्रासाठी त्यांच्यावर चढणे हे निव्वळ अविचाराचे आहे.

पावसाळ्यात भरतीचे गणित संपूर्ण शहराला लागू होते. रस्त्यांवरचे पावसाचे पाणी समुद्रात सोडणाऱ्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या, आणि त्यांची बरीचशी मुखे मोठ्या भरतीच्या पातळीखाली येतात. त्यामुळे मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही आणि ते रस्त्यावर तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा शहराने याचे भीषण रूप पाहिले. त्यानंतर पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे उभारण्यात आली, तरी हिंदमाता, शीव, अंधेरी व मिलन सबवे हे भाग आजही पाणी साचण्यासाठी ओळखले जातात. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महानगरपालिका पावसाळ्यापूर्वीच जाहीर करते. जून ते सप्टेंबर या काळात येणाऱ्याने ती यादी जवळ ठेवावी. साचलेल्या पाण्यातून चालू नये, कारण निचरा व्हावा म्हणून उघडलेले मॅनहोलचे झाकण पाण्याखाली दिसत नाही. अडकल्यास जवळच्या स्थानकावर किंवा इमारतीत थांबून राहावे आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाला १९१६ या क्रमांकावर विचारावे. निवड हाती असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने घ्यावेत.

खाण्याच्या बाबतीतही घड्याळ सुटत नाही. पहाटे उघडणारी इराणी हॉटेले सकाळच्या न्याहारीसाठी. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणहून आलेल्या पारशी-इराणी मंडळींनी ती बहुधा रस्त्यांच्या कोपऱ्यांवर काढली आणि आज त्यांतली थोडीच उरली आहेत. धोबीतलावचे कयानी आणि कंपनी १९०४ पासून चालू आहे. बाहेरून कडक आणि आतून लुसलुशीत ब्रूनपाव, त्यावर लोणी, आणि तो बुडवायला गोड घट्ट चहा, एवढ्यावर माणूस दुपारपर्यंत निभावतो. माटुंग्याला १९४२ पासूनच्या रामा नायक यांच्या उडुपी भोजनालयात केळीच्या पानावरचे जेवण मिळते. दादर, गिरगाव आणि पार्ले इथल्या मराठी उपाहारगृहांत थालीपीठ, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी आणि पीयूष मिळते, आणि गावाकडून आलेल्या वडीलधाऱ्यांना तिथे परके वाटत नाही. फोर्टमधल्या खाऊगल्ल्या कचेऱ्यांच्या जेवणाच्या सुट्टीवर जगतात. त्या दुपारी बारा ते तीन भरलेल्या आणि रविवारी बहुतांशी ओस असतात, हे त्या मोकळ्या सकाळीच लक्षात ठेवावे. रमजानच्या महिन्यात महम्मद अली रोडवरच्या मिनारा मशिदीच्या परिसरात रोजा सुटल्यानंतर मध्यरात्र उलटेपर्यंत निहारी, कबाब, मालपुवा आणि फिरनी यांची रेलचेल असते.

वडापावचा जन्म दादर स्थानकाबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाला असे मानले जाते. गिरणीकामगाराला पाळी सुटल्यावर उभ्या उभ्या, कमी पैशांत पोट भरेल असे खाणे हवे होते आणि ते या पदार्थाने दिले. वडापाव कुठला चांगला यावर मुंबईकर कधीच एकमत होणार नाहीत. पाहुण्याने फक्त कढई पाहावी. तेलातून वडे निघत आहेत आणि समोर उभी असलेली माणसे ते लगेच घेत आहेत अशी गाडी निवडली, की चव आणि पोट दोन्ही सांभाळली जातात. संध्याकाळी चार ते सात ही त्याची खरी वेळ. पाव मधोमध चिरून त्यात लसूण-सुके खोबरे-लाल मिरचीची कोरडी चटणी भुरभुरायची, वडा दाबून बसवायचा आणि बरोबर मिठात घोळलेली तळलेली मिरची द्यायची, हा त्याचा क्रम. पावसाळ्यात पाणीपुरीचे पाणी, कापून ठेवलेली फळे आणि बर्फ घातलेली सरबते टाळावीत. समोर उकळलेले आणि तळलेले त्या मानाने निर्धोक.

मासे खाणाऱ्यांनी आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी. माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी असते, त्यामुळे त्या काळात ताजा समुद्री मासा दुर्मीळ आणि महाग होतो. बंदी उठल्यानंतर ओला बोंबील खावा. हा मासा पाण्याने इतका भरलेला आणि मऊ असतो की साफ करून, उभा चिरून तो वजनाखाली दाबून ठेवतात. पाणी निथळले की हळद-तिखट-मीठ लावून तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून तव्यावर तळतात. नीट जमलेला बोंबील वरून कुरकुरीत असतो आणि आत जवळजवळ विरघळलेला. बरोबर तांदळाची भाकरी आणि सोलकढी.

फसवणुकीपासून सावध करताना शहराची बदनामी होऊ नये, कारण रस्ता चुकलेल्याला बोट धरून स्थानकापर्यंत पोहोचवणारी माणसे इथे पदोपदी भेटतात. तरीही काही प्रकार जुने आणि नेमके आहेत. साध्या वेशातले पोलीस असल्याचे सांगून ‘पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असे म्हणणारे तोतये प्रामुख्याने वयस्कर स्त्री-पुरुषांना गाठतात. कोणताही खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला लावत नाही, आणि असे घडल्यास तिथेच मोठ्याने आवाज देऊन ११२ क्रमांकावर फोन करावा. रेल्वेतील अडचणीसाठी १३९ हा क्रमांक आहे. लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरणाऱ्यांनी तिकिटावरचे नाव नीट वाचावे: लोकमान्य टिळक टर्मिनस म्हणजे कुर्ला स्थानक नव्हे आणि वांद्रे टर्मिनस म्हणजे वांद्रे स्थानक नव्हे, मधले अंतर सामान घेऊन चालण्याजोगे नाही, आणि नेमके तिथेच मीटर न टाकता तोंडी भाडे सांगणारे पुढे येतात. मीटर टाकायला लावावा किंवा प्रीपेड खिडकीवरून गाडी घ्यावी. रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला चालत नाहीत. तिथून पुढे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात मीटरच्या भाड्यावर पंचवीस टक्के जादा आकारणी कायदेशीर आहे, त्याबद्दल वाद घालू नये.

मुंबईत प्रथम येणारे सगळेच सहलीला येतात असेही नाही. परळच्या टाटा आणि केईएम रुग्णालयांत विदर्भ-मराठवाड्यापासून कोकणापर्यंतचे रुग्ण व त्यांचे नातेवाईक रोज येतात, आणि त्यांना या माहितीची गरज पर्यटकाहून अधिक आहे. अशांनी दादर किंवा परळच्या आसपासच मुक्काम पाहावा, निवासाची व आर्थिक मदतीची चौकशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागातच करावी, आणि लवकर नंबर लावून देतो असे फाटकाबाहेर सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत. तपासणीची वेळ सकाळची असेल तर ठाणे किंवा बोरिवलीच्या नातेवाइकांकडे उतरण्याचा आग्रह मोडून आदल्या रात्री जवळ राहिलेले बरे, कारण आजारी माणसाला सकाळच्या लोकलमध्ये चढवणे धडधाकट सोबत्यांनाही जमत नाही.

रात्री उशिरा परतताना शेवटच्या लोकलचा विचार आधी करावा. साधारण एक ते पहाटे चार या वेळात लोकल बंद असतात, आणि कसारा, कर्जत, विरार अशा लांबच्या स्थानकांच्या शेवटच्या गाड्या त्याआधीच निघून जातात. रात्री रिकाम्या डब्यात एकट्याने बसू नये. स्त्रियांनी पोलीस कर्मचारी असलेला महिला डबा निवडावा, आणि तसा तो नसेल तर चार माणसे बसलेल्या सर्वसाधारण डब्यात बसावे.